दोन फेऱ्या

माशेलच्या बाजारात, शिंप्याच्या वर माझी खोली.
खाली तो कापड बेततो, वर मी चित्र.
दोघांचं रडगाणं एकच :
गिऱ्हाईक आणतं पावणेदोन मीटर
आणि झगा मागतं घेरदार.

प्रशिला खांडेपारकर तीन कॅसेटी घेऊन आली,
एकीवर बुरशीचा पांढरा पदर.
मिळून सहा तास.
"एकाच डीव्हीडीवर बसव. भाऊ बोटीवर असतो.
दोन दिल्या तर एक तो हरवील."

मी समजावलं :
डिस्कवर छापलंय चार पूर्णांक सात,
भरायला बसलं की भरतात चार पूर्णांक सदतीस.
काजूच्या तोलासारखं हे, घट कुठे गेली विचारायचं नसतं.
यात एक तास घातला तर डोळ्यांतलं पाणी दिसेल,
दोन घातले तर डोळे,
सहा घातले तर चेहरा आहे एवढं कळेल.

"मग चेहरा कळू दे," ती म्हणाली,
"बाकीचं आम्हांला पाठ आहे."

रात्री यंत्र लावलं.
पहिल्या फेरीत ते काही लिहीत नाही.
नुसतं बघतं, शेवटपर्यंत,
आणि टिपून ठेवतं कुठे किती लागेल.
दुसऱ्या फेरीत वाटतं.

वाटणी अशी की
जे हलतं त्याला भरभरून,
जे थांबलंय त्याला चिमूटभर.
मंडपाचा पडदा जवळजवळ फुकट.
पंगतीला पेंगणारे भटजी फुकट.
मग कुंभारजुव्याचा सांगोड आला :
दोन होड्या एकीला एक बांधलेल्या,
वर गणपती, सोंगं, ढोल, फटाक्यांचा धूर
आणि खाली खाडीचं पाणी.
त्या पाण्यानं सगळं गिळलं.

काठावर शाबा उभा, प्रशिलाचा बाप,
हातात होडीचा दोर,
जराही न हलता.
यंत्रानं त्याला चार चौकोन दिले :
एक कपाळाचा, एक मिशीचा, दोन सदऱ्याचे.

अकरा सेकंद.
दोन कॅसेटींत तो तेवढाच आहे,
एरवी कॅमेरा त्याच्याच खांद्यावर.
हे अकरा मुलानं काढलेत, तेव्हा नऊ वर्षांचा,
चित्र डावीकडे कलत जातं.
तिसरी कॅसेट प्रशिलाच्या लग्नाची,
तोवर शाबा नव्हता. ती मी काढलेली.

सकाळी फोन केला :
बाप नीट हवा तर कुठून तरी काढून घालावं लागेल.
"कुठून?"
मी गप्प.
"माझ्या लग्नातून काढ."
"अगं, नव्या कॅमेऱ्यानं काढलंय ते, तीन दिवे लावून."
"काढ रे. मी आहे अजून.
माझं काय झालं ते गावाला दिसतंच आहे."

मग हातानं खुणा केल्या :
इथून इथपर्यंत हात सैल सोड,
इथून पुढे आवळ.
एकदा वीज गेली, एकदा डिस्क करपली.
शिंप्याचा मेव्हणा दोन्ही घेऊन गेला,
त्याच्या शेतात आता त्या काठीला लटकतात
आणि पाखरं बिचकतात
माझ्या अर्धवट बाराशे क्षणांना.

तिसऱ्या दिवशी लावून बघितलं.
शाबाच्या मिशीत पिकलेला केस सुटा दिसत होता.
दोराचा पीळ मोजता येत होता.
त्याच्या मागं खाडी फुटून
फरशी फरशी झालेली.
लग्नात होम म्हणजे एक नारिंगी ठोकळा,
अक्षता पडतायत की धुकं, सांगणं कठीण,
माझे तीन दिवे कुठे गेले देव जाणे.

दीडशे रुपये घेतले.
शिंपी म्हणाला, स्वस्तात शिवलंस.

महिन्याभरानं भावाचा फोन आला,
कुठल्याशा बंदरावरून, मागं क्रेनची घरघर.
बराच वेळ बोलेना.
मग म्हणाला, "बाकी ठीक आहे,
पाणी तेवढं खराब आलंय."

म्हटलं, पाणी तुमच्याकडे भरपूर आहे.